बटणामागची भाषा

तुळसा केणे १९८४ साली आमच्या रंगरसायनांच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली. कारखाना डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला. मी तिथे माल रवाना करण्याच्या खात्यात होतो. तिचे वडील कोपरच्या खाडीत मासेमारी करत. घरात अकरावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. टाइपरायटर बिघडला की आम्ही मेकॅनिकची वाट बघत बसायचो, ती मात्र झाकण काढून आत डोकावायची. "बघते नुसतं, कशाला काय जोडलंय ते," म्हणायची.

आमच्या प्रत्येक मालासोबत लॅबचे प्रमाणपत्र जावे लागते. त्यावर ओलावा, शुद्धता आणि माल बनवल्याची तारीख असते. ते नसेल तर ट्रक फाटकाबाहेर पडत नाही. तुळसा रोज तीस-पस्तीस प्रमाणपत्रे टाइप करी. संगणक आला, एक्सेल आले, तरी तिचे टायपिंग काही सुटले नाही. शेवटी १९९८च्या जानेवारीत मॅनेजरांनी ठरवले, की एक्सेलच्या मेनूतच आपले एक बटण बसवायचे. ते दाबले की लॅबच्या आकड्यांवरून प्रमाणपत्र आपोआप तयार व्हावे. त्यासाठी ठाण्याहून पोतनीस नावाचे सल्लागार आले.

पोतनीसांनी सांगितले, हे सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत करायचे.

तुळसा चहाचे कप गोळा करत होती. ती थांबली. "साहेब, एक्सेलच्या आतच व्हिज्युअल बेसिक आहे की. तीन महिने मी त्यातच काहीबाही करून बघतेय."

"अहो बाई, ती शिकाऊ लोकांची भाषा. सायकलला घंटी बसवायला ठीक आहे."

"मग आपल्याला घंटीच बसवायचीय ना?"

मॅनेजर हसले. म्हणाले, "दोघांनी आपापलं बटण करा. पाच मार्चला बघू. ज्याचं पटेल, काम त्याचं." तुळसाचे पटले नाही, तर तिला पुन्हा इतर टायपिंगला बसावे लागणार होते, आणि ते तिला नको होते.

पण तिने हट्ट धरला नाही. मला त्याचेच नवल वाटले. तिने पोतनीसांकडून त्यांच्या प्रोग्रॅमची छापील प्रत मागून घेतली, आणि त्यांनीही ती खुशाल दिली. वेगात पोतनीसांचा प्रोग्रॅम फार पुढे होता. तिच्या बटणाला चाळीस प्रमाणपत्रांना अर्धे मिनिट लागे, त्यांचे डोळ्याची पापणी लवेपर्यंत होई. तिने ते वहीत तसेच लिहून ठेवले.

मग तिने दोन्ही छापील प्रती लॅबमधल्या जगनपुढे टाकल्या. जगन जुना केमिस्ट, प्रोग्रॅमिंगशी त्याचा काही संबंध नाही.

"जगनदादा, ओलाव्याची मर्यादा अर्ध्या टक्क्यावरून पॉइंट चार करायची. कुठे करशील?"

"अगं, मला कशाला यात ओढतेस? चष्मा पण घरी राहिलाय."

तरी त्याने कागद लांब धरून बेसिकमधली ओळ शोधली. "इथे. ओलावा एवढ्याहून जास्त असेल तर, असं लिहिलंय." दुसरा कागद त्याने उलटासुलटा करून परत दिला. "हे पोतनीसांनाच विचार."

बेसिकच ठेवायचे, हे तुळसाने ठरवले ते या परीक्षेवर.

पाच मार्चला पोतनीसांचे बटण आधी दाबले. झटक्यात चाळीस प्रमाणपत्रे, एकही चूक नाही. मग तुळसाचे. पहिलेच प्रमाणपत्र हातात घेऊन जगन म्हणाला, "तीन मे? अगं, हा माल अजून बनायचाय!"

सगळे हसले. पोतनीस म्हणाले, "बघा, म्हणून म्हणत होतो."

तुळसाचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. "फेब्रुवारीत तर सगळ्या तारखा बरोबर येत होत्या," ती पुटपुटली. मग वही काढली. महिन्याचा पहिला पंधरवडा निर्यातीच्या गडबडीत जातो, म्हणून तिने सगळ्या चाचण्या सोळा तारखेनंतर घेतल्या होत्या. "अय्या! हे आधी महिना वाचतं, मग दिवस. सोळावा महिना नसतोच, म्हणून तेव्हा मुकाट्याने बरोबर वाचलं. आज पाच-तीन आलं आणि फसलं!" चूक सापडल्याचा तिला इतका आनंद झाला, की समोर मॅनेजर आहेत हे ती विसरली.

तिने तिथेच प्रोग्रॅम उघडला आणि जगनला खुर्चीवर बसवले. "तू कर. दिवस, महिना, वर्ष वेगवेगळं दे." त्याने एका बोटाने टाइप केले, दोनदा चुकला. दहा मिनिटांनी कागदावर पाच मार्च आले.

मॅनेजरांनी विचारले, "पोतनीस, तुमच्यात असं काही निघालं तर?"

"ठाण्याला नेऊन दुरुस्त करावं लागेल. उद्या शुक्रवारी तुमची सुट्टी, म्हणजे शनिवारी आणतो."

"आणि ट्रक तोवर फाटकावर उभा?"

पोतनीस प्रामाणिक माणूस. "या कामाला यांचंच बरं," म्हणाले.

त्या दुपारी तुळसाने प्रोग्रॅमच्या अगदी वर एक ओळ लिहिली: तारीख, काय बदलले, आणि जगनचे नाव. तो कुरकुरला, "माझं नाव कशाला?"

"उद्या बिघडलं तर हाक कुणाला मारायची?"

गेल्या आठवड्यात मी त्या ओळीखाली वाढत गेलेली यादी उघडून पाहिली. आता तिथे अकरा बदल आहेत आणि चार जणांची नावे. शेवटचा बदल पॅकिंगच्या शीलाने केलेला आहे, तुळसा रजेवर असताना.