दोन किलोचा हात

किळस हा शब्द मी जपून वापरते. नवऱ्याच्या कोपरातून चार महिने पू वाहत होता. पट्ट्या मी बदलल्या, तो वास नाकात घेऊन जेवले, पण कधी किळस आली नाही. आली ती बेकरीच्या मालकाची, आणि अजून येते.

आमचे हे एकतीस वर्षं एकाच भट्टीवर. मळलेल्या मैद्याचा गोळा उजव्या हातानं तोडायचा, तळव्यावर एकदा झेलायचा, की बरोब्बर चारशे ग्रॅम. सगळे त्यांना ‘तराजू’ म्हणायचे, आणि हे त्या नावावर असे खूश की जणू बारशालाच ठेवलंय! याच गर्वापायी एकदा घाईत मळायच्या मशीनची जाळी काढली आणि आत हात घातला. मशीनला मैदा काय न् माणूस काय. कोपराचा चुरा झाला. जखम चिघळली, हाड कुजलं, आणि कुजलेलं काढता काढता कोपराच्या जागी काही उरलंच नाही. हात नुसता लोंबायचा. घास भरवायला मी, बटणं लावायलाही मीच.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी धातूचं कोपर बसवलं. एक दांडा दंडाच्या हाडात, एक खालच्या हाडात, मध्ये बिजागरी. म्हणाल्या, "हात वाकेल, तोंडापर्यंत जाईल. पण जन्मभर या हातानं एका वेळी दोन किलोच्या वर उचलायचं नाही. आणि हलकं असलं तरी सारखं सारखं तर मुळीच नाही. हे सैल झालं तर दुसरं बसवायला हाड शिल्लक नाही. स्नायूही अर्धे गेलेत, हलकंसुद्धा जड वाटेल. घरी वजनकाटा ठेवा."

काटा मी त्याच दिवशी आणला. ह्यांना केवढा राग आला! "माझ्या घरात काटा?"

सहा महिन्यांनी ह्यांनी स्वतःच्या हातानं पहिला घास खाल्ला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. आणि दुसऱ्याच आठवड्यात मालक दारात हजर, फळांची पिशवी घेऊन. "उस्ताद, तुमच्याशिवाय भट्टी पोरकी झालीय हो!"

झालं! हे निघाले.

"अहो, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"दोन किलो म्हणाल्या. दोन किलोत पाच गोळे बसतात, मी एका वेळी एकच उचलणार."

"आणि दिवसभरात किती उचलणार?"

"सहाशे. पण एकेकच ना गं!"

मी कपाळावर हात मारला. उभा जन्म गोळे मोजण्यात गेलेल्या माणसाला दुसरा हिशेब कसा सुचावा?

तीन महिने गेले. संध्याकाळी कोपर गरम लागायचं, मी त्यावर ओलं फडकं ठेवायची. तिकडे मालक गिऱ्हाइकांना बोलावून तमाशा दाखवायचा. "धातूचं कोपर, तरी वजन तेच! दाखवा हो उस्ताद!" माणसं यायची, कोपर दाबून बघायची, आणि हेही बाही वर करून उभे. कामगारांना मालकाची सक्त ताकीद होती: उस्तादांचा गोळा काट्यावर टाकायचा नाही, त्यांचा अपमान होतो. मी म्हटलं, बाई गं, एवढा मान? मला तेव्हाच काहीतरी कुजकं वाटलं.

मग तपासणीत डॉक्टरीणबाईंना एक्स-रेवर दांड्याच्या कडेनं बारीक काळी रेघ दिसली. "सैल व्हायला लागलंय. आज थांबलात तर वाचेल." ह्यांनी तिथं मान डोलावली. रस्त्यावर आल्यावर म्हणतात, "पण माझ्यावाचून अडतं गं त्यांचं."

माझं डोकंच फिरलं. घरी आल्याबरोबर ह्यांच्या हातचा पाव काट्यावर टाकला. चारशेच्या गोळ्याचा पाव भाजून साडेतीनशे भरतो, एवढं एकतीस वर्षांत मलाही कळलंय. हा भरला दोनशे सत्तर.

"तुझा काटा बिघडलाय," हे म्हणाले.

"मग तुमच्या काट्यावर घ्या."

त्यांनी पाव उजव्या हातात घेतला. "साडेतीनशे." आणि माझ्याकडे अशा तोऱ्यात पाहिलं म्हणता!

"आता डाव्यात घ्या."

घेतला. एकदा झेलला, दोनदा झेलला. चेहरा उतरला.

"दोनशे सत्तर," शेवटी म्हणाले. "मालकाला माहीत होतं?"

"काट्यावर टाकू देत नव्हता ना? मग?"

"थुत् त्याच्या जिनगानीवर!" एवढंच म्हणाले, पण तोंडात कडू आल्यासारखे ओठ पुसत बसले. "म्हणजे माझं नाव सांगून लोकांच्या पोरांना तीन महिने उपाशी ठेवलं."

सकाळी मी सोबत गेले, म्हटलं एकटं सोडायला नको. हे भट्टीकडे गेलेच नाहीत, गल्ल्याशेजारी उभे राहिले. गिऱ्हाईक ह्यांच्याच हातचा कालचा पाव घेई, हे तो डाव्या हातात झेलत आणि मोठ्यानं सांगत, "दोनशे पंच्याऐंशी. घेऊ नका. दोनशे साठ. घेऊ नका." मालक आधी हसला, मग हात जोडले, मग ‘लंगडा घोडा’ म्हणाला. इतकी वर्षं उस्ताद म्हणणारं तेच तोंड! हे शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत हलले नाहीत.

घरी येऊन जेवायला बसले. उजव्या हातानं घास उचलला, सावकाश तोंडापर्यंत नेला.

मी चिडवलं, "किती भरला हो?"

घास चावत म्हणाले, "ठाऊक नाही."