रात्रीचा फराळ

माझ्या नवऱ्याचा डावा पाय आता घोट्याच्या वर संपतो. तो का गेला हे घरात आम्हा तिघांना माहीत आहे. ते दोघे देवाची मर्जी म्हणतात. मी काय झालं ते सांगते.

हे नेपानगरला कागद कारखान्यात नोकरीला होते. रात्रपाळी त्यांनी स्वतः मागून घेतली होती, रात्री साहेबलोक कमी फिरतात म्हणून. दिवसा खिडकीला गोधडी टांगून झोपायचे आणि रात्री डबा खायचे. बाकीचे लोक पोळी-भाजी न्यायचे. ह्यांचा नेम असा की सूर्य बुडाल्यावर अन्नाला शिवायचं नाही, फक्त फराळ. तो नेम माझ्या मोठ्या नणंदेने लावून दिला होता. त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो. नवरा गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या आणि भावाच्या पुण्याची देखरेख करत राहिल्या. त्यामुळे डब्यात साबुदाणा, बटाटा, खजूर, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. केळ्यांना आमच्या भागात तोटा नाही. कोणी ना कोणी फणी ठेवून जातंच.

नोकरी संपल्यावर आम्ही बुऱ्हाणपूरला बुधवाऱ्यात घर घेतलं. डबा बंद झाला, पण ह्यांची झोप काही जागेवर आली नाही. रात्रभर दिवा जाळत बसायचे. मोरीत जाऊन आले की मागे मुंग्यांची रांग लागायची. मी म्हटलं, पोरं पोसून झाली, आता मुंग्या पोसताय. ते हसले. तपासलं तर साखर इतकी की डॉक्टरणीने दोनदा सुई टोचून पाहिलं.

ती डॉक्टरीण तरुण होती, पण समजावून सांगायची. म्हणाली, डोक्याच्या मधोमध वाटाण्यापेक्षा लहान एक गाठ असते, पिनियल तिचं नाव. अंधार पडला की ती पाझरते, आणि तिच्या रसाने अंगाला कळतं की रात्र झाली. दिवा जळत असला की ती कोरडी राहते. दुसरं स्वादुपिंड, जठराच्या मागे आडवं पडलेलं. खाल्लेल्याची साखर रक्तात आली की ते आपला रस सोडतं आणि साखर रक्तातून उचलून अंगात पोचती होते. मला ते ट्रक आणि हमालासारखं वाटलं. केळीचा ट्रक आला आणि हमालच नाहीत, तर माल गाडीतच सडतो. ती म्हणाली, बरोबर. रात्री डोक्यातली गाठ पाझरायला लागली की तुमचे हमालही निजायला जातात. तेव्हा खाल्लं की साखर रक्तात तशीच फिरत राहते. ह्यांनी वर्षानुवर्षं तेच केलं होतं. आता हमाल थकले, म्हणून बाहेरून सुईने आणायचे.

मी सुई टोचायला शिकले. ह्यांच्या खोलीतला बल्ब काढून घेतला, स्वयंपाकघराला कुलूप लावलं. शेजारपाजारी बोलणं झालं की म्हातारी नवऱ्याला अंधारात कोंडते, उपाशी मारते. बाई ते ऐकून डोळे पुसायच्या. मी कुलूप काढलं नाही.

मग चपलेचा खिळा वर आला आणि ह्यांच्या अंगठ्यात घुसला. तळव्याला जाण उरली नव्हती, त्यामुळे दिवसभर तसेच फिरले. संध्याकाळी मोजा रक्ताने चिकटलेला निघाला. डॉक्टरीण म्हणाली, साखर खाली आली तर जखम भरेल, नाही आली तर पाय जाईल. तिने ह्यांना विचारलं, "रात्री जेवता का?"

"नाही. सूर्य बुडाल्यावर अन्नाला शिवत नाही."

तिने शाबासकी दिली. मीही मान हलवली, कारण किल्ली माझ्या कमरेला होती. सकाळची साखर मात्र उतरेना. तिने सुईतलं औषध वाढवलं, पुन्हा वाढवलं. अंगठा आधी निळा पडला, मग काळा.

जखमेचा वास घरभर होता. त्यात एक दिवस मला दुसरा वास आला, अति पिकलेल्या केळ्याचा. तो देवघरातून येत होता. देवघर बाईंचं, तिथे मी हात लावत नसे. देव्हाऱ्याखालचा पडदा बाजूला केला तर पितळी डबा. आत खजूर, राजगिऱ्याचे लाडू, मागे केळ्यांची सालं. मग कळलं, पहाटेच्या पूजेआधी, अंधार असतानाच, हे तिथे जाऊन बसत आणि बाई भरवत.

मी डबा दोघांच्या मध्ये ठेवला. "बाई, हे काय आहे?"

"उपवासाचं आहे."

"ह्यात साखर आहे."

"उपवासाला चालतं ते माणसाला मारील होय गं? चौथी शिकलीस आणि डॉक्टरीण झालीस काय?"

ह्यांनी देव्हाऱ्याकडे हात केला. "मी जेवलेलो नाही. देवाशप्पथ जेवलेलो नाही."

ते खोटं बोलत नव्हते. चोरून खाणाऱ्या माणसाला निदान लाज वाटते. ह्यांना वाटत होतं, आपण नेम पाळला. देवाच्या हिशेबी पाळलाही असेल. स्वादुपिंडाला एकादशी कळत नाही.

तोवर उशीर झाला होता. अंगठ्यावर भागेल म्हणून नेलं आणि घोट्याच्या वर कापून आणलं. दवाखान्यात बाई माझ्या गळ्यात पडून रडायला आल्या, मी बाजूला झाले. घरी आल्यावर त्यांनी पिशवी भरली. भावाचं हे बघवत नाही, धूलकोटला सासरच्या पुतण्याकडे जाते म्हणाल्या. मी पुतण्याला फोन लावला आणि डब्याची सगळी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, मामी, काकूला तिकडेच ठेवा.

आता रोज पट्टी बदलायची असते. सुई मी टोचते, पट्टी बाई करतात. पहिल्या दिवशी कापूस त्यांच्या हातात दिला तेव्हा म्हणाल्या, मला नाही जमणार. मी म्हटलं, "भरवायला जमलं, धुवायलाही जमेल." हे भिंतीकडे तोंड करून पडून असतात. बाई जुनी पट्टी सोडवतात, पू पुसतात, मध्येच उठून मोरीत जाऊन ओकतात. ओकण्याचा आवाज थांबला की मी इथूनच हाक मारते, बाई, अर्धी पट्टी राहिली.