नारायण पेठेतलं बंद पडणारं मशीन

त्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दार उघडणाऱ्या बाईंनी माझ्या मागे जिन्यात डोकावून पाहिलं.

"इंजिनीअर कुठे आहेत?"

"मीच."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. "चपला तिथे काढा. तिथे म्हणजे तिथेच."

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पुण्यात जो तो सॉफ्टवेअरच्या क्लासला जात होता आणि क्लासमधून थेट परदेशी जाण्याच्या गोष्टी करत होता. मी हार्डवेअरचा डिप्लोमा करून सदाशिव पेठेतल्या एका दुकानात लागले होते. ग्राहकांच्या घरी जाऊन मशीन दुरुस्त करायचं हे माझं काम. खांद्याला पिशवी, पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, एक सुटा पॉवर सप्लाय, ब्रश आणि फडकं.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या आणि घरी डीटीपी करायच्या. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, पण मुख्य काम प्रबंधांचं. नारायण पेठेतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि चिमुकल्या स्वयंपाकघरात त्या आणि त्यांचे सासरे, दोघंच राहत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाहेरच्या खोलीत खिडकीशी कंप्युटर, आतल्या खोलीत आजोबांची कॉट.

"हे मधेच बंद पडतं," बाई म्हणाल्या. "लाइट जात नाही, काही नाही. मी टाइप करत असते आणि पडदा काळा. काल अख्खं प्रकरण गेलं. चाळीस पानं."

मी कॅबिनेट उघडलं. धूळ होती, पण फार नाही. पंखा व्यवस्थित फिरत होता. रॅम काढून पुसून परत बसवली, केबली दाबून पाहिल्या, मशीन सुरू केलं आणि वाट बघत बसले. अर्ध्या तासाने माझ्या डोळ्यांदेखत ते बंद पडलं. आवाज नाही, सूचना नाही. त्याच क्षणी डोक्यावरचा बल्ब किंचित मंद होऊन परत नीट झाला. ते मी पाहिलं. पेठेतलं व्होल्टेज, असं म्हणून सोडून दिलं.

आतून आवाज आला, "सूनबाई, जळल्याचा वास येतोय."

"हो हो," बाई तिथूनच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "त्यांना वास येतात. कधी दुधाचा, कधी रबराचा. डॉक्टर म्हणाले, वयामुळे होतं."

मी उगाच नाक वर करून पाहिलं. मला उदबत्तीचा वास आला आणि कॅबिनेटमधल्या धुळीचा.

पॉवर सप्लाय बदलून मी परत निघाले, तेव्हा आजोबा वॉकर धरून दारापर्यंत आले होते. किडकिडीत, ताठ, स्वच्छ धोतर.

"कुठल्या तुम्ही?"

"येरवड्याच्या."

"तुरुंगाजवळ?"

"तुरुंगाच्या बाहेर," मी म्हणाले.

त्यांना ते आवडलं असावं. ते हसले नाहीत, पण मान हलवली. मग बोट आतल्या खोलीकडे करून म्हणाले, "यंत्र दुरुस्त करता, तर तेही बघा. त्या भिंतीला काहीतरी झालंय."

"मी फक्त कंप्युटरचं बघते, आजोबा."

हे वाक्य मी तेव्हा अगदी सहज बोलले होते.

दोन दिवसांनी बाईंचा दुकानात फोन आला. परत तेच. मी मशीन रिक्षात घालून दुकानात आणलं. दुकानात ते दोन दिवस अखंड चाललं. त्याच्यावर गेम लावून ठेवला, गाणी लावून ठेवली, कॅबिनेट गरम होईस्तोवर पळवलं. एकदाही पडलं नाही. घरी नेऊन जोडलं, बाईंनी चहा टाकला, आणि चहा उकळायच्या आत पडदा काळा झाला.

यापुढचं कुणालाही सुचावं इतकं सरळ होतं. जे मशीन दुकानात चालतं आणि घरात पडतं, त्याचा दोष मशीनमध्ये नाही. पण मला तसा विचार करायची सवयच नव्हती. मी मदरबोर्डकडे संशयाने बघत होते. दुकानाचे मालक मात्र घाईत होते. "अगं, यूपीएस लावून टाक. विषय संपला."

मी यूपीएस लावला, आणि विषय खरंच संपला. मशीन पडायचं थांबलं. फक्त यूपीएस दर थोड्या वेळाने टीं टीं करायचा. दोन-तीन सेकंद ओरडायचा आणि गप्प व्हायचा. वीज कमी पडली की तो बॅटरीवर जातो आणि तसं कळवतो, हे मी बाईंना समजावून सांगितलं.

चार दिवसांनी त्यांनी पुन्हा बोलावलं. "मशीन छान चाललंय. पण हा आवाज डोक्यात जातो. दिवसातून तीस-चाळीस वेळा. मामंजींना कमी ऐकू येतं, तरी तेसुद्धा दचकतात."

"बझर बंद करता येतो."

"मग करा की बाई."

मी यूपीएसच्या मागचं छोटं बटण दाबलं. घर शांत झालं. आतल्या खोलीत जुना फ्रिज घरघरत सुरू झाला आणि बल्ब पुन्हा किंचित मंद झाला. आजोबा आतून म्हणाले, "वास येतोय." कुणीच उत्तर दिलं नाही. मीही नाही. बाईंनी माझ्या कागदावर 'काम समाधानकारक' असं लिहून सही केली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी बाबा विहारातून वंदना करून आले होते. पांढरा शर्ट अजून अंगावर होता. आई पोहे करत होती. माझे वडील अमरावतीकडून तरुणपणी पुण्याला आलेले, सारी नोकरी एका कारखान्यात वायरमन म्हणून झाली. इतकी वर्षं इथे काढूनही त्यांची बोली तिकडचीच राहिली. मी त्यांना गंमत म्हणून सांगत होते: दुकानात चालणारं आणि घरी रुसणारं मशीन, वासाचे आजोबा, टीं टीं करणारा यूपीएस.

बाबा पोह्यांची बशी हातात घेऊन ऐकत होते. त्यांनी विचारलं, "यूपीएस ओरडते तवा लाइट जाते काय?"

"नाही. बल्ब थोडा मंद होतो. पंखा चालू असतो."

"फ्रिज सुरू होते तवा?"

मी आठवून पाहिलं. "हो. तेव्हाच."

"फ्रिज कोठी आहे?"

"आजोबांच्या खोलीत. कपाटाच्या शेजारी."

"अन् वास त्याइलेच येते. त्या खोलीत निजणाऱ्याले." बाबांनी बशी खाली ठेवली. "तू मशीन पायलं. लाइन पायली काय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"चप्पल घाल," ते म्हणाले.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मी बाईंच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. आजोबा घर सोडून कुठे जात नसत, म्हणजे घरात कुणीतरी होतंच. पण फोन बाहेरच्या खोलीत होता, त्यांना कमी ऐकू यायचं आणि वॉकर घेऊन तिथवर यायला वेळ लागायचा. मी ती घंटा तिसऱ्यांदा पूर्ण वाजू दिली. मग रिसीव्हर ठेवला.

बाबांनी स्कूटर काढली. बंडगार्डनचा पूल ओलांडून स्टेशनवरून आम्ही निघालो आणि रविवार असल्यामुळे जुन्या बाजारापाशी अडकलो. रस्त्याच्या कडेला पथारीवर जुने नळ, पंख्यांची पाती, पितळी भांडी, आणि त्यात वाट काढणारी माणसं. बाबांनी हॉर्नवरून बोट काढलं नाही. वाटेत ते एकदाच बोलले. "सांधा ढिला असन. भिंतीत नाही तर पट्टीत. लोड आला का ठिणगी पडते. रोज थोडं थोडं जळते." पुढे माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवाज काऊन बंद केला?"

"त्यांनी सांगितलं म्हणून."

बाबांनी स्कूटर गर्दीतून पुढे काढली.

इमारतीपाशी पोचलो तेव्हा सगळं नेहमीसारखं होतं. खाली वाण्याचं दुकान उघडं, समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घातलेले. मला क्षणभर वाटलं, आपण उगाच आलो, आता बाईंना काय सांगायचं. जिन्याच्या पाचव्या-सहाव्या पायरीवर मला वास आला. रबर जळल्याचा आणि त्याच्याखाली लाकडाचा.

बाबा वर आलेच नाहीत. ते जिन्याखालच्या मीटरच्या फळीकडे वळले. "कोणतं मीटर त्याइचं?" मी उतरून पाटीवरचं नाव वाचून दाखवलं आणि त्यांनी फ्यूज खेचून काढला. मग माझ्याकडे वळून ओरडले, "आता जा!"

दाराला लॅच होतं, आणि बाई बाहेर गेल्या होत्या. मी दार बडवलं. शेजारच्या काकू बाहेर आल्या. "अहो, हळू. त्या प्रबंधाची पानं द्यायला गेल्यात, येतीलच. चावी आहे माझ्याकडे, पण तुम्ही कोण?" तेवढ्यात त्यांनाही वास आला असावा, कारण उत्तर न ऐकता त्या चावी आणायला आत पळाल्या.

दार उघडलं तेव्हा बाहेरच्या खोलीत धूर छतापाशी साचला होता. पंखा थांबलेला, दिवा गेलेला, खिडकी लावून घेतलेली. आणि त्या अंधुक धुरात कंप्युटर चालू होता. यूपीएसवर. पडद्यावर कुणाच्या तरी प्रबंधाचं पान उघडं, अर्धवट वाक्यापाशी कर्सर लुकलुकत होता. मी इतके दिवस ज्याच्यासाठी राबले होते ते काम उत्तम झालं होतं. ते मशीन आता कशानेही बंद पडणार नव्हतं. त्या क्षणी मला त्याची भीती वाटली.

आजोबा आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी जमिनीवर बसले होते. वॉकर आडवा पडलेला. धोतराचा सोगा नाकाशी धरून ते खोकत होते. त्यांच्या मागे कपाट आणि फ्रिज यांच्या मधल्या भिंतीवर वायर झाकणारी लाकडी पट्टी होती, ती वरपासून खालपर्यंत काळी झाली होती, आणि लाकडी कपाटाच्या पाठीवर जळती लाल कड हळूहळू पसरत होती. ज्वाळा फार नव्हत्या. आवाजही नव्हता.

मी त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. ते माझ्या अपेक्षेपेक्षा खूप हलके होते. जिन्यात बसवलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले, मला ओळखलं आणि खोकल्याच्या दोन उबळींमध्ये म्हणाले, "आता तुम्हालाही आला वाटतं वास."

तोवर वर आलेल्या बाबांनी आणि काकूंनी आत बादल्या ओतल्या. वीज आधीच तोडलेली होती, म्हणून पाणी ओतता आलं. कपाट ओढून पाडलं. त्यातले आजोबांचे कपडे, जुनी पत्रं, त्यांच्या बायकोच्या दोन नऊवारी साड्या, निम्मं सगळं जळून किंवा भिजून गेलं. बाबांनी पट्टी उपटली आणि आतला सांधा मला दाखवला. दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली, त्याचा कोळसा झालेला. "हे पाय," ते म्हणाले. "हे तुले बोलवत होतं."

बाई जिन्यात आल्या तेव्हा हातात कागदांची पिशवी होती. त्यांनी आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग दाराकडे. पिशवी तिथेच खाली ठेवून त्या आजोबांच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि त्यांचा हात धरून राहिल्या. "मामंजी," एवढंच त्या म्हणाल्या. आजोबा म्हणाले, "मी सांगत होतो." आवाजात तक्रार नव्हती. तेच ऐकवत नव्हतं.

आजोबांना आठवडाभर दवाखान्यात ठेवावं लागलं. ते घरी आले, पण खोकला त्यांच्याबरोबर आला. धुराचा की वयाचा, डॉक्टरांनी कधी नक्की सांगितलं नाही. बाबांनी सलग तीन रविवार जाऊन त्या घराचं सगळं वायरिंग नव्याने केलं. आजोबा खुर्ची टाकून त्यांच्या कामावर देखरेख करत. "स्क्रू तिरका बसलाय," असं ते सांगत, आणि तो खरंच तिरका असे. बाबा निमूट काढून परत बसवत.

तिसऱ्या रविवारी मी बाबांना डबा द्यायला गेले होते. बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याला टेकून त्या पदराचं टोक चिमटीत धरून उभ्या होत्या. "एक विचारू? खरं सांग. तो आवाज तू बंद केलास, की मी करायला लावला?" आतापर्यंत त्या मला अहो-जाहो करत आल्या होत्या.

मी बरेच दिवस मनात उत्तर जुळवून ठेवलं होतं. त्यात मालक होते, माझं शिक्षण होतं, त्या दिवशीची घाई होती. ते सगळं मी बाजूला ठेवलं.

"दोघींनी," मी म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. आतल्या खोलीत आजोबांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. ती लवकर थांबली नाही.