घासून पुसावे

आमचे विभागप्रमुख वसंतअण्णा हाताशी येईल त्या वस्तूवर पाण्याचे थेंब टाकून पाहत. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या कारखान्यात मुलाखतीला गेलो, तर त्यांनी ग्लासात बोटं बुडवून माझ्या नव्या बॅगेवर शिंतोडे मारले. "पाणी पसरतंय की रे. बॅग बेकार." मला मात्र ठेवून घेतलं.

ही नव्वदनंतरची गोष्ट. विजेच्या तारा खांबापासून अलग ठेवणारे इन्सुलेटर तेव्हा बहुतेक चिनी मातीचे असत. समुद्रकाठी त्यांच्यावर खारट धूळ बसे, दवाने ती ओली झाली की वीज त्यांच्यावरून खांबाकडे उडी मारे आणि लाइन बंद पडे. बेळगावचे आमचे अण्णा त्याऐवजी सिलिकॉन रबराचे इन्सुलेटर करायच्या मागे लागले होते. या रबराचं तेल धुळीत हळूहळू उतरतं आणि मग धुळीवरही पाणी पसरत नाही. "मळालासुद्धा वळण लावतंय बघ हे," ते कौतुकाने म्हणत. "स्वल्प दम धर. घासू नको."

कारवारजवळच्या लाइनीवर आमचे बारा इन्सुलेटर चाचणीला लागले. टिकले तर उत्पादन, नाहीतर विभाग बंद, असं मालकांनी बजावलं होतं. सोबतचं माहितीपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी कामचुकार; चिनी मातीचं जुनं पत्रक उतरवून काढलं आणि नाव तेवढं बदललं. अण्णांनी न वाचताच सही केली. "तू लिहिलास नव्हं? सरी, मग झालं."

दुसऱ्या हिवाळ्यात धुक्यात ती लाइन बंद पडली. पाहायला मला धाडलं. तिथल्या लाइनमनने पत्रकच पुढे केलं. "तुम्हीच लिहिलंय साहेब, वर्षातून एकदा घासून पुसावे. रॉकेल आणि वाळू घेऊन चांगलं घासलं आम्ही." रबर पार सोलवटलं होतं.

परत येऊन मी अण्णांना खोटंच सांगितलं, माल आधीच भंगारात गेला होता, कारण काही कळलं नाही. नवी नोकरी, नवं लग्न. कारणं हवी तेवढी सापडतात. मी भेकड होतो, एवढंच खरं.

विभाग बंद झाला. अण्णा गावी निघाले, तेव्हा उलट माझीच समजूत काढत होते. "तुझी मेहनत मातीत घातलो रे मी. रबर कुठं फसलं, कळंना झालंय."

ते वारल्यावर बेळगावला गेलो. वहिनी म्हणाल्या, "शेवटपर्यंत कागद घेऊन बसायचे. कुठं चुकलं, कुठं चुकलं, एवढंच."

"वहिनी, अण्णांचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"माणूस गेल्यावर सगळे असंच म्हणतात रे," त्या म्हणाल्या.