जोडाखाली कोरडा कागद

गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टर सांगून थकले, मी सांगून थकले. आमच्या ह्यांचं उत्तर ठरलेलं. "मी झोपलो तर धंदा कोण बघणार? तू?" प्लंबर माणूस. दिवसभर ओट्याखाली नाहीतर टाकीवर. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी, आणि वर तोंडाने, "काही नाही गं, जरा आखडलंय."

म्हटलं, बघतेच. हो, मीच बघते.

पहिल्यांदा ह्यांच्याकडून गिऱ्हाइकांचे फोन घेणं काढून घेतलं. जेवताना फोन, अंघोळीत फोन, आणि कुणाला काय कबूल केलं ते संध्याकाळी आठवायचं नाही! आता सगळे फोन माझ्याकडे. कुठे काय बिघडलंय आणि कोण जाणार, ते मी स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लिहायचं. मग पिशव्या. ह्यांच्या पिशवीत पान्हा शोधायचा म्हणजे सकाळ गेलीच. प्रत्येकाची पिशवी सारखी लावली, वॉशरचा कप्पासुद्धा ठरलेला. धाकटे दीर ह्यांच्याबरोबरच काम करतात. म्हणाले, "वहिनी, रोज दप्तर तपासणार का?"

"तपासणार. नखंसुद्धा तपासणार."

शेवटचा नियम कागदाचा. काम झालं की नळ पूर्ण सोडायचा, पाइपच्या जोडाखाली कोरडा कागद ठेवायचा आणि तोवर हत्यारं आवरायची. कागद कोरडाच राहिला तर त्याचा फोटो मला पाठवायचा, मगच बाहेर पडायचं. भावजी कुरकुरले, पण करायला लागले. तक्रारी थांबल्या, कामं वाढली, आणखी एक माणूस ठेवला. त्याचेही फोटो यायचे.

ह्यांचे मात्र येईनात. "मला कागद लागत नाही. हात फिरवला की कळतं."

एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे ओट्याखालचा पाइप बदलायला हे गेले. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. रात्रभर पाणी झिरपून खालचं कपाट फुगलेलं, धान्याचे डबे पाण्यात. भावजी धावत गेले, जोड पुन्हा केला, कागदाचा फोटो पाठवला. हे घरी आल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. "नियम काय फक्त आम्हालाच? तुम्ही कोण लागून गेलात?"

हे माझ्याकडे बघेनात. मग म्हणाले, "काम करून कसाबसा उठलो, मग परत वाकता आलं नाही गं. बसलो असतो तर उठता आलं नसतं. त्या बाईंसमोर कसं सांगायचं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी कागदावरून भांडत होते, आणि माणसाला खाली बसता येत नव्हतं. मला माझीच लाज वाटली. तरी ऑपरेशनचं नाव काढलं तर, "बघू." दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी घेऊन बाहेर.

काही दिवसांनी त्याच बाईंचा फोन आला, बाथरूमचा नळ गळतोय म्हणून. माझे हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. हे दाराशी स्टुलावर बसून बूट घालत होते.

"आमचे हे मोकळे आहेत, आत्ता निघतील," मी म्हटलं.

"अहो, नको! त्यांना नका पाठवू. धाकट्यांना पाठवा, ते नीट बघून जातात."

पिठाच्या हातानेच फोन बंद केला. "म्हाताऱ्या झाल्यात त्या, काहीही बोलतात," मी आपलं उगाच म्हटलं.

"बरोबर बोलल्या." ह्यांनी घातलेला एक बूट काढून ठेवला. "डॉक्टरांना लाव फोन. म्हणावं, जवळची तारीख द्या."

हेच ऐकायला मी जिवाचं रान केलं होतं. पण असं नव्हतं ऐकायचं मला. हात पुसून नंबर लावला. पलीकडची मुलगी पेशंट कोण म्हणून विचारत होती, आणि माझा आवाजच फुटेना. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली.

ह्यांनी दाराला धरून उठून माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाले, "पेशंटच बोलतोय."