वाढवलेला दिवा

खोटं बोलणाऱ्यापेक्षा अदमासाने बोलणाऱ्याचा ज्याला जास्त संताप येतो, असा माणूस या मुंबईत एकच झाला आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. भावोजी बंबखान्यात अधिकारी होते. आगी विझवणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम. जीव मात्र त्या आगींचे रिपोर्ट लिहिण्यात. आग पाण्याने विझते, पण तिच्यावरून कोर्टात जी पेटते ती कागदानेच विझते, असं ते म्हणत, आणि म्हणताना त्यांचे कान तांबडे होत. 'साधारण', 'बहुतेक', 'जवळजवळ' हे शब्द घरात कुणी उच्चारले की ते पानावरून उठायला निघत. आमटी जराशी खारट झालीय असं बहिणीने म्हटलं, तर जराशी म्हणजे किती याचा निकाल लागेपर्यंत भात निवायचा. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. मोर्च्यात घोषणा देऊन, घसा बसवून मी गिरगावातून लालबागला त्यांच्याकडे गेलो आणि लाखो लोक होते म्हणून सांगू लागलो. भावोजी स्वतः कट्टर संयुक्त महाराष्ट्रवाले, पण माझ्यावर असे उखडले की जणू मीच मुंबई तोडायला निघालो होतो. मी चालत होतो पुढच्या रांगेत, मग मागची माणसं मला दिसली कशी? खूप गर्दी होती, यापलीकडे आपण काही पाहिलेलं नाही, हे माझ्याकडून कबूल करून घेतल्यावरच मला चहा मिळाला.

अँब्युलन्सवाल्यांशी तर त्यांचा उभा दावा. एका आगीच्या वेळी जखमीला गाडीत चढवल्यावर तिथल्या माणसाने 'डावा हात भाजला' असं लिहिलं. भावोजींनी निघालेली गाडी थांबवली आणि डावा म्हणजे याचा डावा, की तुझ्यासमोर झोपलाय म्हणून तुझ्या डावीकडचा, असा खुलासा मागितला. शेवटी तो जखमीच कळवळून म्हणाला, "साहेब, माझाच डावा. आता जाऊ द्या." बंबखान्यात ही गोष्ट वर्षानुवर्षं हसून सांगत. पण अशाच एका डाव्या-उजव्याच्या घोळावरून पूर्वी एका वकिलाने अँब्युलन्सवाल्याला खोटा ठरवला होता आणि खरोखर भाजलेला माणूस कोर्टातून दाद न मिळता घरी गेला होता. भावोजी तेव्हा तिथे बसलेले होते. हसणाऱ्यांपैकी कुणी नव्हतं.

आणि अशा माणसाच्या हातून ती चूक व्हावी!

लालबागच्या एका चाळीला आग लागली. जिन्याखाली मालकाने कापसाच्या कचऱ्याची पोती रचून ठेवली होती, आणि वरच्या खोलीत गिरणीत कामाला जाणारी एक विधवा बाई राहत होती. तिची खोली जळाली. भावोजींनी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "दिवा वाढवला, कडी लावली आणि नळावर गेले." साक्षीदाराचा शब्द जसाच्या तसा उतरवायचा, हे तर भावोजींचं ब्रीद. रिपोर्ट इंग्रजीत. त्यांनी जसाच्या तसा इंग्रजीत उतरवला, की बाईंनी दिव्याची वात मोठी केली आणि त्या निघून गेल्या. मालकाला खोली रिकामी हवीच होती. त्याने बाईंकडे बोट दाखवलं, पोलिसांनी निष्काळजीपणाचा खटला भरला, आणि तो सगळा खटला भावोजींच्या त्या एका ओळीवर उभा राहिला. पोत्यांबद्दल त्यांनी अख्खं पान लिहिलं होतं. ते कुणी उलटून पाहिलं नाही. मला याची आजही चीड येते.

साक्षीच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. बहिणीचा हात पिंपाच्या कडेवर आपटला आणि ती पुटपुटली, "वाढली मेली बांगडी." भावोजींचा घास हातातच राहिला. काय म्हणालीस, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, वाढली म्हटलं. सवाष्णीने बांगडी फुटली कसं म्हणायचं? भावोजी तसेच उष्ट्या हाताने गॅलरीत जाऊन उभे राहिले. इतके दिवस ते जगावर चिडलेले मी पाहिले होते, स्वतःवर चिडलेले प्रथमच पाहिले. "मराठी कानाने ऐकलं, इंग्रजी हाताने लिहिलं," ते मला म्हणाले, "मधे डोकं होतं, ते कुठे गेलं होतं रे?"

वरिष्ठांनी त्यांना समजावलं. आपलाच कागद चुकला असं एकदा कबूल केलं, की आजवरच्या प्रत्येक कागदावर वकील तुटून पडतील, आणि तोंडावर आलेली बढती जाईल ती वेगळीच. भावोजींनी ऐकून घेतलं, आणि कोर्टात उभं राहताच सांगितलं की माझा रिपोर्ट या ओळीत चुकला आहे. सरकारी वकील खवळला. बाईची दया आली म्हणून आज वाक्य बदलता का, उद्या कुठलं बदलणार, अशी त्याने सरबत्ती लावली. भावोजींचे कान तांबडे झाले. "तुमच्या घरी नारळ वाढवतात," ते म्हणाले, "तेव्हा तो मोठा होतो काय?" मॅजिस्ट्रेटने त्यांना गप्प बसवलं. मग पिंजऱ्यातल्या बाईकडे वळून, दिवा वाढवला म्हणजे तुम्ही नक्की काय केलं, असं मराठीतच विचारलं.

ती गोंधळली. एवढ्या मोठ्या साहेबाला हे ठाऊक नाही याचंच तिला नवल वाटलं असावं. "काय करनार? फुंकर घातली," ती म्हणाली. "घरातला दिवा इझवला म्हनू नये, साहेब."

बाई सुटली. बढती दुसऱ्याला मिळाली आणि भावोजींना लेखी ताकीद. तेव्हापासून ते इंग्रजी रिपोर्टात साक्षीदाराचे शब्द देवनागरीत लिहून खाली अर्थ देऊ लागले. वरून तांबड्या शाईने खुणा होऊन कागद परत यायचा, आणि भावोजी तो तसाच पुन्हा पाठवायचे. मराठी राज्य झालं, शेजारीपाजारी पेढे वाटले गेले, तेव्हा हातात पेढा धरून ते प्रत्येकाला विचारत होते, की आता कोर्ट मराठीत कधीपासून? लवकरच, असं कुणीतरी म्हणालं. मग त्याची धडगत राहिली नाही.

खटला संपल्यावर एका संध्याकाळी ते मला घेऊन त्या बाईच्या खोलीवर गेले होते. भिंतींना नवा चुना होता, तरी जळका वास होताच. भावोजी दारातच उभे राहून म्हणाले, "तुमचं बोलणं मी चुकीचं लिहिलं. माफी मागायला आलोय."

बाई स्टोव्हवर चहा ठेवत होती. तिने मागे वळून पाहिलं. "लिवलंत तरी, साहेब," ती म्हणाली. "आमचं बोलनं आजपातूर लिवून कुनी घेतलंय?"

यावर भावोजी चिडले असते, तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते तिथल्या चटईवर बसले, आणि तिने पुढे केलेला कप घ्यायला त्यांचा हात काही केल्या वर येईना.