बॉनेटवरचा काटा

आमच्या साडूभाऊंचा देवावर विश्वास होता, पण देवाला काटा नसल्यामुळे तो जरा बेताचाच होता. काटा असलेल्या कुठल्याही वस्तूवर मात्र त्यांची आंधळी श्रद्धा. सातिवलीच्या एका रंगाईच्या कारखान्यात ते पंचवीस वर्षं बॉयलर सांभाळत होते. तबकडीवरचा काटा सांगेल ते ऐकायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही, हा तिथला नियम. कारखान्यात तो ठीकच होता, नाहीतर अर्धी सातिवली उडाली असती. पण संध्याकाळी रिकामा डबा घरी आणावा तसा साडूभाऊ तो नियमही घेऊन यायचे आणि माझ्या मेहुणीच्या स्वयंपाकघरापासून चर्चपर्यंत सगळीकडे लावायचे.

हॉलमध्ये त्यांनी दोन थर्मामीटर टांगले होते. त्या दोघांचं कधी पटायचं नाही, म्हणून सरासरी काढून मगच पंखा लागायचा. तोवर पाहुण्याने रुमालाने वारा घ्यावा. रविवारी मिस्सानंतर ते फादरना दारातच गाठायचे. "फादर, आज प्रवचन सव्वीस मिनिटं. मागच्या रविवारपेक्षा चार जास्त." फादर बिचारे हसायचे आणि पुढच्या रविवारी पहिल्या बाकावरचं ते घड्याळ बांधलेलं मनगट बघून घाईघाईने आटपायचे. या माणसाने आमच्या गावावर केलेला एवढा एकच उपकार मला आठवतो. एकदा मी तीन गोधड्यांखाली कुडकुडत पडलो होतो. साडूभाऊ आले, माझ्या तोंडात थर्मामीटर खुपसला, उजेडात धरून बघितला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "यांना ताप नाहीये. उगाच थरथरतायत." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मलेरिया सांगितला. साडूभाऊंनी डॉक्टर बदलायचा सल्ला दिला.

अशा माणसाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी जुनी गाडी घेतली. एका उन्हाळ्यात चिंचोटीच्या अलीकडे तिने दोन आचके दिले आणि पुन्हा सुरळीत चालू लागली. दुसरा कोणी विसरून गेला असता. साडूभाऊंनी घरी येताच बॉनेट उघडून बघितलं. मग म्हणाले, "टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरकडे किती जोराने जातंय, हे आपल्याला माहीतच नाही! आंधळे आहोत आपण." त्यासाठी त्यांनी कारखान्याच्या भंगारातून ताटाएवढं प्रेशर मीटर उचलून आणलं. मेकॅनिकने ते उलटंपालटं करून परत दिलं. "सायेब, हे बॉयलरचं हाय. पेट्रोलच्या फुंकरीनं हे काय हलनार?" मग मुंबईहून लहान मीटर आलं.

पहिल्यांदा ते डॅशबोर्डवर बसवलं, म्हणजे पेट्रोलची नळी थेट गाडीत. मेहुणी नाकाला पदर लावून एकदाच बसली आणि उतरताना म्हणाली, "गुडघ्यापाशी पेट्रोल खेळवायचं असेल, तर मी बाजाराला चालत जाईन." तेव्हा ते मीटर काचेबाहेर, बॉनेटवर आलं. साडूभाऊंकडे तोंड करून ते चामखिळीसारखं उभं असायचं, आणि पाऊस आला की त्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा पालथा पडायचा. नळीच्या प्रत्येक सांध्याला साडूभाऊंनी स्वतः पांढऱ्या टेपचे वेढेच्या वेढे घातले. "एवढी टेप नको सायेब, तुकडा आत गेला तर काटा मरंल," मेकॅनिक म्हणाला. साडूभाऊंनी आणखी दोन वेढे घातले. पुढची दोन वर्षं ते रस्त्यापेक्षा त्या काट्याकडेच जास्त बघत गाडी चालवत होते, आणि वसईतल्या कोंबड्या स्वतःच्या हिमतीवर जगत होत्या.

मग त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. भाड्याची सजवलेली गाडी तिने नाकारली. "पप्पा मला आपल्या गाडीतून नेणार आणि दारापासून वेदीपर्यंतही पप्पाच नेणार," एवढाच तिचा हट्ट होता. साडूभाऊ वरून गंभीर, पण आतून इतके खूश की त्यांनी चर्चमध्ये जाऊन दार ते वेदी पावलं मोजली आणि आठवडाभर अंगणात मुलीचा हात धरून चालण्याचा सराव केला.

लग्न चारचं, पाचला त्याच चर्चमध्ये दुसरं कोणाचं तरी. साडेतीनला आम्ही निघालो. मी पुढे, मागे नवरी आणि मेहुणी. अर्ध्या वाटेत काटा एकदम शून्यावर पडला. साडूभाऊंनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"पप्पा, गाडी तर चालू होती!"

"चालू दिसत होती. शून्यावर कशी चालेल?"

"अहो, पण चालत होती ना!" मी ओरडलो.

"तेच तर! पेट्रोल गळत असलं म्हणजे?" असं म्हणत त्यांनी नव्या सुटाचा कोट काढला, बॉनेट उघडलं आणि पाना हातात घेतला. गळत काहीच नव्हतं. मग सांधे उघडायला सुरुवात झाली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तेवढ्यात पाचूबंदरचा एक मासळीचा टेम्पो रिकामा परत चालला होता, तो थांबला. ड्रायव्हरशेजारची बाई नवरीला बघून खालीच उतरली. "बाय माजे, अशी रस्त्यान काय उभी? बस पुढं. आमी मागं बसतू. पान्यानं धुतलाय गो टेम्पो, वास नाय येनार."

नवरी टेम्पोपाशी जाऊन परत आली. "पप्पा, सोडा ती गाडी. चला ना."

साडूभाऊंनी तिच्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं. "काटा शून्यावर असताना माणसाने जागा सोडायची नसते गं. तुम्ही व्हा पुढे. मी पाच मिनिटांत आलोच."

चर्चच्या दारात आम्ही वाट बघत राहिलो. फादर दोनदा आत-बाहेर करून गेले. शेवटी म्हणाले, "आता सुरू करायला हवं." मेहुणीने माझ्याकडे बघितलं आणि मी हात पुढे केला.

साडूभाऊ आले तेव्हा वचनं होऊन गेली होती. हात काळे, शर्टावर ग्रीस. शेवटच्या बाकामागे उभे. मीटरच्या तोंडात तांदळाएवढा टेपचा तुकडा अडकला होता. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. हा किस्सा मी त्या रात्री जेवणावळीत सांगितला आणि पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक बारशाला, प्रत्येक सणाला सांगत राहिलो. लोक पोट धरून हसायचे. साडूभाऊही जरा हसायचे आणि पाणी प्यायला उठायचे.

मुलगी परदेशी गेली. साडूभाऊ निवृत्त झाले, गाडीही विकली. एका दुपारी आम्ही दोघंच त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग एकदम, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "तेव्हा आत जाताना तिने तुमचा हात कसा धरला होता हो?"

माझ्या जिभेवर दोन-तीन टोमणे तयार होते. त्यांचा चेहरा बघून ते तिथेच राहिले. इतकी वर्षं आपण कोणाला हसत होतो, याची मला फार लाज वाटली.

"घट्ट धरला होता," मी म्हणालो.

"हं," म्हणून ते बराच वेळ मान हलवत राहिले. वेदीपर्यंत जाताना तिने तीनदा मागे वळून दाराकडे बघितलं होतं, ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही.